पहिल्यासारखा पाऊस : लोणारच्या काठावर

पैनगंगा ही आमच्या यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा. इसापूरचे धरण तिच्यावर, सहस्रकुंडचा धबधबा तिचा, उमरखेडकडची कितीतरी शेते तिच्या भरवशावर. पण ती उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात आणि मेहकरवरून खाली आमच्याकडे येते. याच मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणारचे खारे सरोवर आहे. नदीवर आणि सरोवरावर पडणारा पाऊस एकच, मृगापासून सुरू होणारा मोसमी पाऊस. नदी तो वाहून नेते. सरोवर मात्र त्याचा हिशेब तळाशी जपून ठेवते. तो हिशेब वाचता येतो, हे कळल्यापासून लोणारला जायचे मनात होते.

जायला कारण घरातच होते. आमच्याकडे पावसाळ्यात रोज एक वाक्य ऐकू येते. सासूबाई ओट्यावर बसून आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "पहिल्यासारखा पाऊस आता राहिला नाही." धाकटे दीर पुसदजवळच्या आमच्या शेतात कापूस आणि तूर घेतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बोअर आटली. आता दुसरी मारायची, आणि तीही कर्ज काढून, असा त्यांचा विचार चालला होता. त्यांचे म्हणणे एवढेच, "दोन-तीन वर्षे कशीतरी काढायची भाबी, पाऊस पुन्हा पहिल्यासारखा झाला की फेडून टाकू."

हा पहिला पाऊस म्हणजे नेमका कोणता? सासूबाईंचा पहिला पाऊस त्यांच्या माहेरचा, १९७२ च्या दुष्काळाआधीचा. दिरांचा पहिला पाऊस त्यांच्या शाळेच्या दिवसांतला. माझ्या मुलांना विचारले तर ती चार वर्षांपूर्वीचा सांगतील. माणसाची पावसाची आठवण फार तर साठ-सत्तर वर्षांची असते. आणि कर्ज काढायचे की नाही हे आपण त्या आठवणीवर ठरवतो.

पुसद ते लोणार

जानेवारीतल्या एका रविवारी फज्रनंतर आम्ही निघालो. हे, दोन्ही मुले, सासूबाई आणि दीर. पुसदहून वाशीम, तिथून रिसोड आणि मग लोणार, असा सुमारे १४० किलोमीटरचा सफर आहे. वाटेत कुठे हरभरा, कुठे गहू, तर कुठे वेचणी संपलेली पऱ्हाटी. जमीन सगळीकडे तीच काळी, आणि खाली तोच काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला, असे भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकवतो.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना जमिनीखालचा काळ समजावणे तसे सोपे आहे. वणीच्या खाणीतला कोळसा दाखवायचा आणि सांगायचे, की आज जिथे चाळिशीच्या वर पारा जातो तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदल आणि दाट झाडी होती. हवामान बदलते, हे वणीचा कोळसा सांगतो. पण तो काळ इतका दूरचा आहे की त्याचा आपल्या शेतीशी संबंध जोडता येत नाही. लोणारचा गाळ माणसाच्या काळाबद्दल बोलतो.

लोणार गावाच्या कडेला जमीन एकदम संपते आणि खाली प्रचंड गोल खड्डा दिसतो. तोंडाशी रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या जवळपास. तळाशी हिरवट पाणी, भोवती झाडीचे कडे. बराच काळ याला ज्वालामुखीचे तोंड समजत. पुढे इथल्या खडकांच्या तपासणीत जबरदस्त आघाताच्या खुणा सापडल्या आणि उल्कापाताने हे विवर झाले हे सिद्ध झाले. काळ्या पाषाणात उल्केने केलेले आणि इतके चांगले टिकलेले विवर जगात विरळाच. ते किती जुने यावर मात्र एकमत नाही. एका पद्धतीने वय ५० हजार वर्षांच्या आसपास येते, तर दुसरीने पावणेसहा लाख.

उतरायला पायवाट आहे. आम्ही दोघे, मुले आणि दीर उतरलो. गुडघ्यांमुळे सासूबाई वर झाडाखाली थांबल्या. उतारावर साग, सीताफळ, बाभूळ. माकडे तर पावलोपावली. काठाजवळ पोचलो तसा उग्र वास आला. चिखलावर पांढरी पापडी धरली होती. मुलाने बोटाने जराशी खरवडली आणि चाखायला निघाला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. हे पाणी नुसते खारट नाही. त्यात धुण्याच्या सोड्यासारखे क्षार आहेत, आणि आम्लता-अल्कता मोजण्याच्या मापावर, जिथे शुद्ध पाणी ७ वर असते, तिथे हे १० च्या आसपास जाते.

हे क्षार लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. अकबराच्या दरबारातील अबुल फजल यांच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येते. काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या वस्तू इथे मिळतात आणि त्यातून सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद तिथे आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरून हे क्षार गोळा करीत. प्रतीप्रमाणे त्यांना डल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती. म्हणजे पाणी किती आटते यावर इथल्या लोकांची रोजी अवलंबून होती.

दार नसलेले सरोवर

वर आल्यावर दिरांनी विचारले, "धरणाचे पाणी बघूनही पाऊस कळतोच की. त्यासाठी इथे कशाला यायचे?"

प्रश्न बरोबर होता. पण इसापूरच्या धरणाला दरवाजे आहेत. पाणी किती सोडायचे हे माणूस ठरवतो. आपल्या गावतळ्याला सांडवा असतो. तळे भरले की जास्तीचे पाणी निघून जाते, मग पाऊस थोडा जास्त पडला काय आणि खूप जास्त पडला काय, पातळी तीच. लोणारला दार नाही आणि सांडवाही नाही. भोवतीच्या कड्यांमधून पावसाचे पाणी येते, धारेसारख्या झऱ्यांचे येते. पण बाहेर पडायला एकही ओढा नाही. जे जाते ते मुख्यतः वाफ होऊन. जमा पावसाची, खर्च उन्हाचा. चांगली वर्षे ओळीने आली की पातळी चढते आणि पाणी पातळ होते. वाईट वर्षे ओळीने आली की पातळी उतरते आणि क्षार दाटतात.

२०२० च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले होते आणि देशभर त्याची चर्चा झाली, हे वाचकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली. दाट खारट पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य यांमुळे तो रंग आला होता. पाणी उतरले होते, खारटपणा वाढला होता, त्यांना हवी तशी परिस्थिती मिळाली. पुढे पावसाळ्यात रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारची नोंद रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाली.

एका उन्हाळ्याचा खारटपणा रंगातून दिसला. हजारो वर्षांचा कुठे दिसणार? तो गाळात असतो.

गाळाची वही

दर पावसाळ्यात कड्यांवरची माती, झाडांची पाने, फुलांचे परागकण वाहून तळाशी बसतात. वर्षामागून वर्षे एकावर एक थर चढत जातात. बाहेर जायला वाट नसल्यामुळे हे सगळे तिथेच राहते. २००८ मध्ये जर्मनीतील पोट्सडाम येथील भूविज्ञान संशोधन केंद्र आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला. लांबी सुमारे १० मीटर, आणि त्यात जवळजवळ ११ हजार वर्षे. गाळात अडकलेल्या काटक्या-पानांतील कार्बनवरून कुठला थर किती जुना हे ठरवले गेले. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या नमुन्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोसमी पावसाच्या ऐन पट्ट्यातला, म्हणजे मध्य भारताचा, इतका तपशीलवार आणि इतक्या लांब काळाचा इतिहास त्याआधी हाती नव्हता.

या गाळात काही थर असे निघाले की त्यांत स्फटिक होते. गेलुसाइट नावाचे, सोडियम आणि कॅल्शियमचा कार्बोनेट क्षार असलेले. पाणी फार आटले, क्षार दाटले की ते तयार होतात. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पाक दाट झाला की पातेल्याच्या कडेला साखरेचे खडे धरतात, ते प्रत्येक घरात पाहिलेले असते. पाक पातळ असेपर्यंत खडा धरत नाही. तसेच सरोवरात पाणी भरपूर असते तेव्हा हे स्फटिक होत नाहीत. ज्या थरात ते सापडले, त्या काळात सरोवर खूप उतरले होते.

स्फटिकांचे असे दोन काळ निघाले. पहिला आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या उलट, अगदी खालच्या, दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत पाऊस जोर धरताना दिसतो. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यात हळूहळू बदल होत असतात. त्या काळी उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचे ऊन अधिक तीव्र होते; जमीन जास्त तापत होती आणि समुद्रावरून पाऊस जास्त ओढला जात होता.

पाने आणि परागकणही साक्ष देतात. ज्वारी, मका, ऊस आणि आपल्या माळावरची बरीच गवते ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या एका गटातली आहेत. त्यांच्या पानांवरच्या मेणातील कार्बन झाडांच्या पानांपेक्षा वेगळा ओळखू येतो. लोणारच्या गाळावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की गेल्या सुमारे ६ हजार वर्षांत मोसमी पाऊस अशक्त होत गेला तसतसे जंगल मागे सरले आणि गवताळ माळ पुढे आला. या बदलाचे मूळ माणसाच्या कुऱ्हाडीत किंवा वणव्यात नाही, पावसात आहे, असे त्या अभ्यासाचे म्हणणे. आमच्या जिल्ह्यात गवताळ माळाला सरसकट "उजाड" म्हणतात. तो माळ किती जुना असू शकतो, याचा विचार करायला हवा.

दस्तरखानावरचा प्रश्न

जोहरची नमाज झाल्यावर झाडाखाली दस्तरखान अंथरले. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मुलीने दादीला दोन्ही दुष्काळांचे आकडे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "हजरत युसुफ अलैहिस्सलामच्या वेळचा दुष्काळ सात वर्षांचा होता. सात वर्षे साठवलेल्या धान्यावर सात वर्षे निघाली. तू तर शेकडो वर्षे म्हणतेस. एवढे कोण साठवील?"

मुलीकडे उत्तर नव्हते. मी एवढेच सांगू शकले, की दुष्काळाचा तो काळ म्हणजे शेकडो वर्षे थेंबही पडला नाही असा नव्हे. त्या काळात पाऊस पुन्हा पुन्हा, दशकानुदशके कमजोर राहिला. याच दुसऱ्या काळात विदर्भात वाकाटकांचे राज्य होऊन गेले, नंतर देवगिरीचे यादव आले. लोणार गावातली लिंबी बारव, ती पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, पाहिली की कळते, की इथली माणसे पाणी धरून ठेवायचे शिकली होती. या सरोवराच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. मध्य भारतातल्या पहिल्या वस्त्या पहिला मोठा दुष्काळ सुरू होताना उभ्या राहिल्या, आणि शेती करणारे समाज दोन दुष्काळांच्या मधल्या काळात बहरले. पावसाने माणसाला हलवले आणि वसवलेही.

हजरत युसुफ यांचा इजिप्त निघालाच आहे तर तिथल्या एका खांबाबद्दल सांगावेसे वाटते. कैरोत नाईल नदीच्या रौदा बेटावर मिक्यास नावाची वास्तू आहे. खोल विहिरीसारख्या बांधकामात मधोमध संगमरवरी अष्टकोनी खांब, आणि त्यावर हात मोजल्याच्या खुणा. नाईलचे पाणी किती हात चढले ते पाहून त्या वर्षी पीक कसे येणार आणि कर किती घ्यायचा हे ठरत असे. आजची इमारत अब्बासी खलिफा मुतवक्किल यांच्या काळातली, इ. स. ८६१ ची. पण पातळीच्या नोंदी त्याच्याही मागे, इ. स. ६२२ पर्यंत जातात. मधल्या काही काळाच्या नोंदी तुटल्या आहेत, तरी नदीच्या पातळीच्या इतक्या जुन्या लिखित नोंदी जगात फार थोड्या आहेत, आणि आजचे हवामानशास्त्रज्ञही त्या वापरतात.

ज्या कारकुनांनी त्या नोंदी केल्या, त्यांना हवामानशास्त्र माहीत नव्हते. त्यांना कर ठरवायचा होता. दर वर्षी खुणेकडे बघायचे आणि आकडा लिहायचा, एवढेच त्यांनी केले. ते हजार वर्षांनी उपयोगी पडले.

मग पहिला पाऊस कोणता?

परतीच्या वाटेवर गाडीत याच गोष्टीवर बोलणे चालले होते. लोणारचा गाळ पाहिला तर "पहिल्यासारखा" असा एक ठरलेला पाऊस कधीच नव्हता. कधी तो आजच्यापेक्षा जास्त होता, कधी पिढ्यानपिढ्या कमी.

यावर दीर लगेच म्हणाले, "म्हणजे हे सगळे आपोआपच होते. धुराला, कारखान्यांना दोष देण्यात अर्थ नाही." असा अर्थ काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. त्याच संशोधनात मोठ्या दुष्काळांचा संबंध हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्या मधल्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी जोडला आहे. तो पट्टा जास्त तापला की आपला पाऊस अडखळतो. आज समुद्र तापत आहेत आणि यावेळी त्याला माणसाने सोडलेला धूर कारण आहे. निसर्गाने पूर्वी कधी घर हलवले होते, म्हणून आपणच भिंतीला धक्के देणे शहाणपणाचे ठरत नाही.

आणि सासूबाईंचे म्हणणेही खोटे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. चार दिवसांचा पाऊस एका रात्रीत पडतो. काळी जमीन तो पिऊ शकत नाही आणि सगळे नाल्याला जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराचे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय तळाला गेले होते आणि लोकांनी टँकरमागे रांगा लावल्या होत्या, हे जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. नमाज-ए-इस्तिस्कासाठी मैदानात हात पसरणे आपण जाणतोच. पण मिळालेला पाऊस किती आला आणि किती राहिला, हे मोजण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

आपल्या विहिरीची वही

वाचक बंधू-भगिनींनो, हे मोजणे अवघड नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. तेच महिने आपणही धरावेत. दोरीला वजन बांधून विहिरीत सोडायचे, काठापासून पाण्यापर्यंतची लांबी टेपने मोजायची, कठड्याची उंची वजा करायची आणि तारीख घालून वहीत लिहायचे. शक्यतो सकाळी, मोटर लावण्याआधी, आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच. शाळेमागच्या विहिरीवर आम्ही हे सुरू केले आहे. पहिल्या नोंदीच्या वेळी मुलांमध्ये पैज लागली होती, आणि जवळजवळ सगळ्यांनी पाणी खरे होते त्यापेक्षा बरेच वर सांगितले.

घरासाठीही एक हिशेब सांगते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरचे छत आणि वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर धरला, तर ४५ हजार लिटर पाणी एकट्या छतावर पडते. त्यातले निम्मे जरी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडले तरी केवढे होईल! मशिदीचे छत तर याहून मोठे असते. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते; छताचे पाणी गटारात जाऊ न देणे हा त्याचाच पुढचा भाग मानायला हरकत नाही.

लोणारला जायचे असेल तर हिवाळा बरा. वाशीम, मेहकर आणि जालना या तिन्ही बाजूंनी रस्ता आहे. पाणी आणि जेवण बरोबर न्यावे, खाली उतरायला चांगल्या चपला-बूट असावेत. दगड किंवा क्षार उचलून आणू नयेत. ते अभयारण्य आहे. सोबत घरातले एखादे वडीलधारे माणूस न्यावे आणि वाटेत त्यांना विचारावे, की त्यांच्या लहानपणी विहिरीचे पाणी कितव्या पायरीला असायचे. पायरीचा आकडा मिळाला तर तोही तारीख-सनासह लिहून ठेवावा.

आमच्या सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या विहिरीची पायरी आठवली. पाडव्याला सातवी आणि ७२ साली अकरावीच्याही खाली, असे त्यांनी सांगितले. वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिले आहे. दिरांनी दुसऱ्या बोअरचा विचार अजून सोडलेला नाही. पण कर्ज काढायच्या आधी येत्या मे महिन्याचा आकडा बघू, एवढे कबूल केले आहे. शेताच्या खालच्या बाजूला पाणी अडवायला चर खणायचे काम त्यांनी या महिन्यात काढले आहे. इन्शाअल्लाह, ऑक्टोबरची नोंद झाली की त्या चराचा काय परिणाम झाला ते याच अंकातून कळवीन.